त्याला तट्टू म्हणू नका

घोडा आणि मी ह्यांची गाठ नियतीने फार जपून, फार अंतरा-अंतराने घातलेली आहे. पहिली गाठ माझ्या मुंजीत. भिक्षावळीच्या मिरवणुकीसाठी मला एका पांढऱ्या घोड्यावर चढवलं, बँडवाल्यांनी क्लॅरिनेटचा पहिला सूर काढला आणि घोडा मटकन खाली बसला. (तो घोडा संगीतातला जाणकार होता, असं आमचे मामा पुढे कित्येक वर्षं सांगत.) दुसरी गाठ माथेरानला, लग्नानंतर. दस्तुरी नाक्यावर घोडेवाल्याने मला वर बसवलं. मी ऐटीत लगाम धरला. दहा मिनिटांनी लक्षात आलं की घोडा मला एको पॉइंटला नेत नसून, स्वतःच्या रोजच्या पाण्याच्या जागी चालला आहे आणि मी केवळ सोबतीला आहे.

वास्तविक मी इतिहासाचा मास्तर. चौतीस वर्षं मी वर्गातल्या वर्गात मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत नेली. भीमथडीच्या तट्टांवर असा काही बोलत असे, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी होत. पण स्वतः कधी घोड्यावरून खडकवासल्यापर्यंतही गेलो नाही.

तेव्हा आमच्या धाकटीने कोपनहेगनहून फोनवर सांगितलं, "बाबा, ह्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात की आपण चौघं आइसलँडला जाऊ. तिथे घोड्यावरून ट्रेक असतो. अख्ख्या दिवसाचा. गाइड असतो बरोबर," तेव्हा मी 'गाइड' ह्या एका शब्दावर विसंबून हो म्हणून बसलो.

पुढे त्या घोडेवाल्यांचं सूचनापत्रक आलं. वापरलेले रिकीब, लगाम, खोगीर, घोडेस्वारीचे चामडी हातमोजे देशात आणू नयेत. घोड्यांच्या आसपास घातलेले कपडे स्वच्छ धुऊन आणावेत. हे ऐकल्यावर सौभाग्यवतींचा पारा चढला. "म्हणजे? आपण काय न धुतलेले कपडे घालून परदेशी जातो?" मी म्हटलं, "अगं, त्यामागे इतिहास आहे." ती म्हणाली, "तुमच्या सगळ्यामागेच असतो. आधी ते माथेरानचे बूट पुसा."

पण खरंच होता. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेहून माणसं ह्या ओसाड बेटावर राहायला आली, ती उघड्या नावांतून. आता नाव ती केवढी! तीत बायकोमुलं, मेंढ्या, गाई, धान्य आणि शिवाय घोडे. साहजिकच घोडे आणले ते मोजके, आखूड बांध्याचे आणि उत्तम निवडून. इ.स. ९३० मध्ये ह्या लोकांनी आल्थिंग नावाची आपली लोकसभा उघड्या माळावर भरवायला सुरुवात केली, आणि परंपरा असं सांगते की ९८२ मध्ये बाहेरचा घोडा बेटावर आणायला बंदी घातली. ही बंदी आजही आहे. हजार वर्षांत बाहेरचं रक्त नाही, त्यामुळे जात शुद्ध. पण बाहेरचे रोगही नाहीत, म्हणून त्या रोगांशी झगडायची ताकदही नाही. माझ्या माथेरानी बुटाच्या तळव्याला चिकटलेला एखादा जंतू तिथे पानिपत करू शकला असता. बूट मी शेवटी घरीच ठेवले.

रेक्याविकपासून तासाभराच्या अंतरावर, काळ्या लाव्हाच्या माळाकडेला ते घोड्यांचं शेत होतं. जुलै महिना असून गारठा असा, की मी स्वेटरवर स्वेटर घालून आधीच गाठोडं झालो होतो. गाइड म्हणजे विशीतली एक पोरगी निघाली. आमच्या धाकटीपेक्षाही लहान. पुढ्यात वीसेक घोडे उभे: तपकिरी, करडे, ठिपक्यांचे, कपाळावर इतकी झुलपं की डोळे आहेत की नाहीत ह्याचीच शंका. उंचीला माथेरानच्या घोड्यापेक्षाही कमी. मला धीर आला. मी उदारपणे म्हटलं, "नाइस पोनी."

ती पोरगी हसायची थांबली. धाकटीने माझा कोपर ओढला. "बाबा, त्याला पोनी म्हणायचं नाही. तो घोडा आहे."

ह्या बाबतीत ती मंडळी फार हळवी. माप काही का सांगेना, आइसलँडच्या भाषेत तो 'हेस्तुर', म्हणजे घोडा. आमच्या इकडे एखाद्या रावसाहेबांना कुणी 'रावजी' म्हटलं तर जसं होईल, तसं झालं असावं. मी त्या घोड्याची मराठीत माफी मागितली. त्याने शेपटी हलवली नाही.

आता त्या मानाचं कारण सांगतो. ह्या बेटावर पहिली मोटार उतरली १९०४ मध्ये, आणि बेटाला वळसा घालणारा रस्ता पुरा झाला तो १९७४ मध्ये! म्हणजे हजार वर्षं जो काही इकडचा माणूस तिकडे गेला, तो घोड्याच्या पाठीवरून. सुकी मासळी घोड्यावर, लोकर घोड्यावर, घर बांधायच्या फळ्या घोड्याच्या दोन्ही अंगांना बांधून मागची टोकं फरफटत. डॉक्टर घोड्यावर आणि डॉक्टर उशिरा पोचला तर शवपेटीही घोड्यावर. त्यांच्यात घोड्याला 'सर्वांत गरजेचा चाकर' म्हणायची रीतच आहे.

आणि देवाचाही तो लाडका. त्यांच्या जुन्या सागांपैकी एकीत ह्राफ्नकेल नावाचा सरदार आहे. त्याचा फ्रेफाक्सी नावाचा घोडा त्याने निम्मा फ्रे ह्या देवाला वाहिलेला, आणि शपथ अशी, की माझ्या परवानगीवाचून ह्यावर जो बसेल त्याचा मी जीव घेईन. मेंढ्या वळायला एक गरीब पोरगा चाकरीला ठेवला. त्याला बजावलं, बाकी घोडे घे, हा नको. पुढे मेंढ्या हरवल्या. पोरगा घोडा धरायला गेला तर बाकीच्या घोड्या पळून गेल्या, आणि जागचा हलेना तो नेमका फ्रेफाक्सी. बसला बिचारा. संध्याकाळी घामाने आणि चिखलाने माखलेला तो घोडा सुटला तो थेट धन्याच्या दारात जाऊन खिंकाळला. घोड्याने चहाडी केली! ह्राफ्नकेलने शब्द पाळला आणि पोराला मारलं. पुढे त्याच्या शत्रूंनी त्या घोड्याला कड्यावरून ढकलून दिलं, आणि ती बातमी कळल्यावर ह्राफ्नकेलचा देवावरचाच विश्वास उडाला. ही गोष्ट मी आदल्या रात्री हॉटेलात वाचली होती. त्यामुळे चढण्यापूर्वी मी त्या पोरीला दोनदा विचारून घेतलं, "नक्की मीच बसायचं ना ह्याच्यावर?"

बसलो. सौभाग्यवती माझ्याआधी बसल्या होत्या. साडीची सवय सोडून पँट घालायला लागली म्हणून कुरकुरणारी ही बाई, घोड्यावर बसल्यावर जिजाऊंसारखी दिसू लागली. तांडा निघाला.

ह्या घोड्याला पाच चाली. चाल, दुडकी, दौड ह्या तीन तर सगळ्याच घोड्यांना. चौथी 'स्केइद', म्हणजे एका बाजूचे दोन पाय एकदम टाकत वाऱ्यासारखं सुटणं. तिचा आणि माझा संबंध नव्हता. पण पाचवी, 'तोल्ट', ती खरी. तीत कुठला ना कुठला पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे स्वार उडत नाही, नुसता वाहतो. हातात भरलेला बियरचा पेला घेऊन, थेंब न सांडता, तोल्टमध्ये घोडा पळवून दाखवायचा तिथे खेळच आहे. आपल्याकडे काठेवाडी, मारवाडी घोड्यांची रेवाल चाल म्हणतात ती ह्याच कुळातली. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी ह्या जादा चालींमागचा एका जनुकातला बदलही शोधून काढला. मी मात्र पहिला तासभर दुडकीवर होतो. माझ्या माकडहाडाला जनुक कळत नाही, दुडकी कळते.

कष्ट विसरायला मी पूर्वसूरींची आठवण काढू लागलो. ह्या वाटेने घोड्यावरून ट्रेक करणारे शौकीन एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १८५६ मध्ये आला लॉर्ड डफरिन, आपल्या बोटीतून. हाच पुढे १८८४ ते १८८८ आपला व्हाइसरॉय; मुंबईला काँग्रेस जन्मली ती ह्याच्याच अमदानीत. रेक्याविकच्या मेजवानीत पेल्यावर पेले रिचवून त्याने लॅटिनमध्ये भाषण ठोकलं आणि मग घोड्यांचा तांडा घेऊन थिंगवेल्लिरकडे निघाला. १८७२ मध्ये आला रिचर्ड बर्टन. तरुणपणी मुंबईच्या पलटणीत असताना हा गृहस्थ मराठीची परीक्षा पास झालेला! इथल्या घोड्याने त्याला हिसडा दिला असेल, तेव्हा तोंडून कुठली भाषा निघाली असेल? मला तरी शंका नाही. अशा वेळी मराठीइतकी सोयीची भाषा दुसरी नाही.

पण माझा जीव जडला तो विल्यम मॉरिसवर. भिंतीच्या कागदांवर वेलबुट्टी काढणारा, कविता करणारा, सदतीस वर्षांचा, अंगाने चांगला गुबगुबीत इंग्रज. १८७१ मध्ये सागांच्या प्रेमापोटी आला आणि सहा आठवडे घोड्यावर बसून हिंडला. बर्न-जोन्स हा त्याचा चित्रकार मित्र घरी बसून, बुटक्या घोड्यावरच्या लठ्ठ मॉरिसची व्यंगचित्रं काढत होता. (माझी आमचे जावईबापू काढत होते, मोबाइलवर.) परत जाताना मॉरिसने मुलींसाठी एक घोडा इंग्लंडला नेला. नाव ठेवलं 'माउस'. उंदीर!

दुपारी एका ओढ्याकाठी थांबलो. थर्मासमधली कॉफी आणि सौभाग्यवतींच्या पिशवीतल्या दशम्या. धाकटीने त्या पोरीला सहज विचारलं, "तुमचे घोडे बाहेरच्या देशांत शर्यतींना जातात का?"

"जातात ना," ती म्हणाली. "सर्वांत चांगले घोडे जातात. फक्त ते परत येत नाहीत."

"म्हणजे?"

"बाहेरचा घोडा आत येत नाही हा कायदा. एकदा बेट सोडलं की आमचा घोडासुद्धा बाहेरचा. जागतिक स्पर्धा जिंकला तरी. स्वार एकटा घरी येतो. जाण्यापूर्वी सगळे त्याला भेटायला जातात."

ती हे इतक्या सहजपणे सांगत होती, की एखादी शाळा सुटायची वेळ सांगावी. धाकटी काही बोलली नाही. दशमीचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

आता घरची गोष्ट सांगतो. तिच्या पर्समध्ये डेन्मार्कच्या नागरिकत्वाचा अर्ज होता. आमच्या देशाला दोन पासपोर्ट चालत नाहीत; तो घ्यायचा म्हणजे हा सोडायचा. पंधरा दिवस आम्ही तिच्या घरी होतो, अर्ज टेबलावर होता, आणि आम्ही तिघंही त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवून जेवत होतो. मी तर इतिहासाचा मास्तर, नेमक्या विषयाला बगल देण्यात मुरलेला.

मला त्या क्षणी कोळशाच्या खाणींतले घोडे आठवले. १८४२ च्या कायद्याने इंग्लंडात बायका आणि दहा वर्षांखालची पोरं खाणीत उतरवायला बंदी झाली, तशी गाड्या ओढायला बुटक्या घोड्यांची मागणी वाढली. ह्या बेटावरून बोटी भरभरून घोडे गेले. १७८३ मध्ये लाकीच्या ज्वालामुखीने आठ महिने विष ओकलं होतं, गवत विषारी झालं होतं, बेटावरची निम्म्याहून अधिक घोडी आणि पाचातला एक माणूस मेला होता. त्यातून वाचलेल्यांची ही वंशावळ. उघड्या माळावर, मध्यरात्रीच्या उजेडात वाढलेली जनावरं कायमची भुयारात गेली. ओठांवर आलेलं हे सगळं मी कॉफीबरोबर गिळलं. मास्तराने कधी तोंड बंद ठेवावं हे मला निवृत्तीनंतर थोडंथोडं जमायला लागलं आहे.

सौभाग्यवती मात्र घोड्याची आयाळ खाजवत म्हणाल्या, "घोड्याला ते ओसीआय कार्ड मिळत नाही वाटतं. तुला मिळतं ना गं?"

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच विषय निघाला, तोही घोड्याच्या आडून. धाकटी हसली, मग डोळे पुसले, मग वारा फार आहे असं म्हणाली.

परतीच्या वाटेवर घोड्यांनी घर ओळखलं. माझा हेस्तुर, जो सकाळपासून दर दहा पावलांवर मान खाली घालून गवत खात होता (आणि प्रत्येक वेळी मला आपल्या मानेवरून घसरगुंडीचं निमंत्रण देत होता), त्याने अचानक मान उचलली. खालचा धक्का नाहीसा झाला. काळा माळ, हिरवं शेवाळ, लांबचे पांढरे डोंगर मागे सरकू लागले आणि मी जागच्या जागी! "तोल्ट! तोल्ट!" ती पोरगी ओरडली. मी दोन मिनिटं अटकेला चाललो होतो. हातात बियरचा पेला नव्हता, पण खिशातल्या डबीतली एक बडीशेप सांडली नाही.

शेतावर मला उतरवायला दोन माणसं लागली. गाडीत मागच्या सीटवर मी उशीवर उशी घेऊन बसलो होतो, तेव्हा धाकटीने विचारलं,

"बाबा, त्या मॉरिसच्या उंदराचं पुढे काय झालं?"

"केल्म्सकॉटला राहिला. मॉरिसच्या मुलींकडे."

"बरा होता का तिथे?"

"गवत भरपूर आहे गं तिकडे," मी म्हटलं.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "उद्या सकाळी आणखी एक ट्रेक आहे. अर्ध्या दिवसाचा. येणार?"

"मी येते," सौभाग्यवती म्हणाल्या. "ह्यांना हॉटेलात गरम पाण्याची पिशवी देऊ."