अंतर्गत उद्योजकता

नोकरी न सोडता, कंपनीचाच पैसा, यंत्रे आणि प्रयोगशाळा वापरून कर्मचाऱ्याने स्वतःच्या कल्पनेतून नवे उत्पादन, सेवा किंवा कामाची पद्धत उभी करणे, म्हणजे अंतर्गत उद्योजकता. गिफर्ड पिंचॉ यांच्या १९८५ मधील पुस्तकामुळे ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात रुळली. पुढच्याच वर्षी रँडल शुलर यांनी तिचा संबंध मनुष्यबळ विभागाच्या रोजच्या कामाशी जोडला. भरती, मूल्यमापन, मोबदला आणि बढती यांचे नियम कसे आहेत, यावर माणूस धाडस करतो की मान खाली घालून नेमून दिलेले काम करतो, हे बरेचसे ठरते.

याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटाच्या थ्री-एम कंपनीचे आहे. १९२० च्या दशकात रिचर्ड ड्रू हा तिथला प्रयोगशाळा साहाय्यक सँडपेपरची चाचणी घ्यायला मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजांत जात असे. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा फॅशन होती. एक रंग झाकायला लावलेला कागद काढताना ताजा रंगही सोलून येई आणि कारागीर वैतागत. यावर उपाय म्हणून ड्रूने सहज निघणारी पट्टी करायला घेतली. ते सोडून सँडपेपरकडे वळ, असे वरून सांगण्यात आले, तरी त्याने काम चालू ठेवले आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली. हिशेबनिसाच्या हाताखाली नोकरीला लागून कंपनीच्या प्रमुखपदी पोहोचलेले विल्यम मॅकनाइट यांनी यातून धडा घेतला. अधिकार खाली द्यावेत, चुका होणारच हे धरून चालावे आणि चुकणाऱ्याला झोडपू नये, असे धोरण त्यांनी १९४८ मध्ये मांडले. तंत्रज्ञांनी कामाचा साधारण १५ टक्के वेळ स्वतः निवडलेल्या प्रयोगांना द्यावा, ही प्रथा त्याच धोरणातून पुढे आली.

तिचे गाजलेले फळ म्हणजे पोस्ट-इट चिठ्ठ्या. तिथले संशोधक स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये जेमतेम चिकटणारा आणि पुन्हा निघणारा गोंद सापडला. त्याचा उपयोग कुणालाच सुचेना. तरी ते कंपनीच्या अंतर्गत चर्चासत्रांत तो वर्षानुवर्षे दाखवत राहिले. चर्चच्या गायकवृंदात गाणारे त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांच्या भजनपुस्तकातल्या खुणेच्या कागदाच्या पट्ट्या सारख्या गळून पडत. १९७४ मध्ये त्यांना सिल्व्हर यांचा गोंद आठवला. १९७७ ची बाजारचाचणी जवळजवळ फसली. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात फुकट नमुने वाटल्यावर मागणी दिसली आणि १९८० मध्ये माल अमेरिकाभर विक्रीला आला. गोंद सापडल्यापासून बारा वर्षे! दर तिमाहीला अप्रेझल करणाऱ्या कंपनीत सिल्व्हर यांचे काय झाले असते, याची कल्पना करता येते.

अनुकरण करणाऱ्यांनी बहुतेकदा १५ टक्के एवढा आकडाच उचलला. थ्री-एममध्ये त्या वेळेच्या पाठीशी आणखी बरेच काही होते. शास्त्रज्ञाला व्यवस्थापक न होताही त्याच्या बरोबरीच्या पदापर्यंत चढता येई. विभागप्रमुखाने नाकारलेल्या कल्पनेला वेगळ्या निधीतून अनुदान मिळू शके. विक्रीचा ठरावीक हिस्सा अलीकडच्या काही वर्षांतल्या उत्पादनांतून आला पाहिजे, असे लक्ष्य विभागांवर असल्याने साहेबालाही नव्या कल्पनेची गरज भासे. चांगल्या इंजिनिअरला बढती म्हणून फायली सांभाळायला बसवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांना यातली पहिलीच गोष्ट जड जाते.

ही घडी विस्कटूही शकते. जेम्स मॅकनर्नी २००० च्या अखेरीस बाहेरून प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी सिक्स सिग्माची, म्हणजे मोजमापातून चुका आणि वाया जाणारा खर्च कमी करण्याची शिस्त संशोधनालाही लावली. खर्च आटोक्यात आला, पण नव्या शोधांचा ओघ आटल्याची टीका झाली. २००५ नंतर त्यांच्या जागी आलेले जॉर्ज बकली यांनी संशोधकांवरची ती पकड सैल केली. गूगलने २००४ मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात अशाच २० टक्के वेळेचा गाजावाजा केला. प्रत्यक्षात तो वेळ नेहमीच्या कामाच्या वर काढावा लागतो, अशी तिथल्या काहींची तक्रार राहिली.

भारतात टाटा समूहाची इनोव्हिस्टा ही स्पर्धा २००६ पासून चालते. तिच्यात प्रामाणिकपणे करून फसलेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा स्वतंत्र पुरस्कार आहे. आपला फसलेला प्रकल्प वरिष्ठांसमोर स्वतःहून मांडायचा, हे आपल्या कार्यालयांच्या सवयीत बसणारे नव्हे; त्यामुळे रोख बक्षिसापेक्षा या पुरस्काराचे मोल वेगळे आहे.