स्तनाचा कर्करोग : न दुखणारी गाठ, तपासणी आणि उपचारकाळातील आधार

स्तनात गाठ हाताला लागते, पण ती दुखत नाही. म्हणून अनेक स्त्रिया महिनोन्महिने कुणाला काही सांगत नाहीत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात हेही खरे. पण तो निर्णय घरी बसून करण्याचा नव्हे. गाठीखेरीज स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचेवर खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागणे, काखेत गाठ लागणे ही लक्षणेही डॉक्टरांना दाखवावीत.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार जडला आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. मृत्यूचे प्रमाण इतके मोठे असण्यामागे उशिरा होणारे निदान हे एक प्रमुख कारण आहे.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हा दिलासा फसवा आहे. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ यांसारख्या जनुकांतील दोषांमुळे धोका पुष्कळ वाढतो. परंतु आनुवंशिक कर्करोगाचे प्रमाण शंभरात पाच ते दहा इतकेच आहे. उरलेल्यांत वाढते वय हाच मोठा घटक. लवकर आलेली पाळी, उशिरा गेलेली पाळी, तिशीनंतरचे पहिले बाळंतपण, स्तनपान न करणे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा हेही धोका वाढवतात. मद्याचेही तसेच आहे, आणि त्यात फेणी व वाइन यांना वेगळी सवलत नाही. पुरुषांनाही हा आजार होतो, मात्र क्वचित.

तपासणी म्हणजे मॅमोग्राफी, असा एक समज आहे. पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचा उपयोग निर्विवाद आहे. काही देशांत ती चाळिशीपासूनच दर दोन वर्षांनी करण्याचा सल्ला देतात. तरुण वयात स्तनांची घडण दाट असल्याने तिच्यात गाठ लपू शकते. तेथे सोनोग्राफीची मदत घेतात. पण यंत्र गावोगावी पोहोचणार कसे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर मुंबईत शोधले गेले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये तेथील झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयोगटातल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनतपासणी केली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यूंचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही नोंदवायला हवे. प्रस्तुत लेखिकेच्या मते, आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या हातांना दुय्यम लेखण्याची सवय या आकड्यांपुढे टिकत नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीपासून दर पाच वर्षांनी अशी तपासणी सरकारी केंद्रांत व्हायला हवी. गोव्यात २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात हातात मावणाऱ्या उपकरणाने तपासणी केली जाते. संशय आल्यास बायोप्सी करावीच लागते. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे.

निदानानंतर शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, संप्रेरकांवरची औषधे यांपैकी काय द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावा लागतो असेही नाही. घरच्यांची कसोटी लागते ती यानंतरच्या महिन्यांत. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात. अशा काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. उलट्यांवर आता प्रभावी औषधे आहेत. ती त्रास सुरू होण्याआधी, ठरल्या वेळीच घ्यायची असतात. तोंड आले असता मसाला टाळून पेज, मऊ भात, वरण, नीट शिजवलेले अंडे किंवा मासळी द्यावी. उपवास, केवळ रसांवर राहणे आणि कुणीतरी सुचवलेले काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत; काही काढ्यांचा मूळ औषधांवर परिणाम होतो.

काखेतील ग्रंथी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. म्हणून हात जपून, न हलवता ठेवण्याचा आग्रह घरातली वडीलधारी मंडळी धरतात. तो चुकीचा आहे. शिकवलेले व्यायाम नियमित केल्यानेच खांदा मोकळा राहतो. सूज दिसताच मात्र फिजिओथेरपिस्टला भेटावे. केस गळणे बहुधा तात्पुरते असते, तरी त्याचे दुःख क्षुल्लक म्हणून उडवून लावू नये. स्तन काढलेल्या स्त्रीसाठी कापडी किंवा सिलिकॉनचे कृत्रिम स्तन मिळतात. संकोच न करता परिचारिकेकडे चौकशी करावी. पतीनेही डॉक्टरांच्या भेटीला सोबत जावे. शरीरसंबंध, थकवा, उदासी यांविषयीचे प्रश्न तिने एकटीने विचारावेत अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

संप्रेरकांशी निगडित कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच, कधी दहा वर्षे रोज घ्यावी लागते. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. अंगातून वाफा येणे, सांधे दुखणे असा त्रास होत असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. औषध बदलून देता येते.