पाखरांचा राखणदार

राखणदार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जोंधळ्याच्या शेतातला माळा आणि माळ्यावर गोफण घेऊन उभा असलेला माणूस येतो. पाखरे हाकलावीत नि पीक राखावे, हे त्याचे काम. पण पाखरे राखावीत आणि माणसे हाकलावीत, अशी उलटी राखण करणारा एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव पॉल क्रोगेल.

फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, सेबॅस्टियन गावाजवळ, इंडियन रिव्हर नावाची खाडी आहे. नाव नदीचे, पाणी मात्र खारे. तिच्यात साडेपाच एकरांचे एक ठेंगणे बेट होते, पेलिकन आयलंड. पेलिकन म्हणजे चोचीखाली कातड्याची झोळी बाळगणारा थोराड पाणपक्षी. त्याची तपकिरी जात या बेटावर घरटी करी. क्रोगेल जन्माने जर्मन. १८८१ साली तो वडिलांबरोबर येथे आला. त्यांचे घर जुन्या आदिवासींनी टाकलेल्या शिंपल्यांच्या टेकाडावर होते. तेथून बेट समोर दिसे.

ते दिवस पाखरांना मोठे वाईट. बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची टूम निघाली होती. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने १८८६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांत ७०० टोप्या मोजल्या, तेव्हा त्यांतल्या ५४२ टोप्या पक्ष्यांच्या जिवावर सजलेल्या आढळल्या! बगळ्याचा तुरा विणीच्या हंगामात खुलतो. म्हणून शिकारी नेमके तेव्हाच येत. आईबाप गोळीने मरत, पिले भुकेने. पेलिकनांवर तर निव्वळ मौजेखातर बार काढले जात. क्रोगेल बंदूक घेऊन आपली होडी मध्ये घाली. त्याला कोणी नेमले नव्हते.

चॅपमन आणि त्याच्या स्नेह्यांनी खटपट केली आणि १४ मार्च १९०३ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे बेट पाखरांसाठी राखून ठेवल्याचा हुकूम काढला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने पाखरांसाठी जागा राखण्याची ही पहिलीच खेप. क्रोगेल रीतसर राखणदार झाला. पगार महिना एक डॉलर! तोही पक्षिप्रेमी मंडळींनी भरला. सरकारी तिजोरीत तरतूदच नव्हती.

हुकूम कागदावर असतो. गोळी मात्र खरी असते. १९०५ च्या जुलैत फ्लॉरिडातच गाय ब्रॅडली नावाचा दुसरा राखणदार शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. १९१८ साली, पेलिकन आमचे मासे खातात असा कांगावा करून, काही कोळ्यांनी या बेटावरची चारशेहून अधिक पिले सोट्यांनी ठेचून मारली. चौकशीअंती दिसले की, पेलिकन खातात ते मासे बहुतेक बाजारात विकलेच जात नाहीत. पिले मात्र गेली ती गेलीच.

पुढे शत्रू बदलला. लाटांनी आणि यांत्रिक होड्यांच्या उसळत्या पाण्याने बेटाचा काठ खाल्ला. निम्म्याहून अधिक जमीन खाडीत गेली. तिला बंदूक काय करणार? तेव्हा माणसांनी कालवांचे शिंपले आणून काठाला बांध घातला आणि झाडे लावली.

शिंपल्यांच्या टेकाडावरून एक माणूस बेट न्याहाळीत असे. आज शिंपल्यांचा बांध ते बेट धरून आहे. राखण अजून संपलेली नाही. राखणदार तेवढे बदलले.