दप्तर, रुमाल आणि आपला खोका

काही वर्षांपूर्वी मुलीला ताप आला म्हणून मरीन परेडच्या पॉलिक्लिनिकात गेलो होतो. नंबर लागायला वेळ होता. शाळेतून परस्पर आल्यामुळे तिचे दप्तर माझ्याच खांद्यावर होते. भिंतीवरच्या चार भाषांतल्या पाट्या वाचणे हा तिचा आवडता उद्योग. नोंदणीच्या खिडकीवर मलय भाषेत ‘पन्दाफ्तारान’ लिहिले होते. तापातसुद्धा ती म्हणाली, "बाबा, ह्यात दप्तर लपलंय!"

मी तेव्हा हसण्यावारी नेले. घरी येऊन शब्दकोश उघडला तर पोरीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मलय ‘दाफ्तार’ म्हणजे यादी, नोंद, त्यावरून नोंदणी. मूळ शब्द अरबी-फारसी ‘दफ्तर’, आणि त्याच्याही मागे कातड्यासाठी असलेला एक ग्रीक शब्द. अरबांच्या गलबतांबरोबर तो इकडे मलय मुलखात उतरला आणि बहामनी, आदिलशाही दरबारांच्या फारसीतून मराठीत आला. हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी. आपल्याकडे दप्तर म्हणजे बांधून ठेवलेले कागद, आणि पुढे मुलांच्या पाठीवरचे ओझे.

हा शब्द तेव्हा डोक्यात रुतून बसला त्याला कारण होते. त्या वर्षी मी आपल्या मंडळाचा चिटणीस झालो होतो आणि मावळत्या चिटणिसांनी एक खोका माझ्या हवाली केला होता. त्यात काय होते ते पुढे सांगतो. आधी जरा पुण्याला जाऊन येऊ.

चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, दप्तरदार, मुजुमदार ही नावे आज आपल्याला आडनावे वाटतात. आपल्या सभासदांच्या यादीत त्यांतली निम्मी तरी सापडतील. एके काळी ही कचेरीतली कामे होती. ‘नीस’ म्हणजे ‘नवीस’, लिहिणारा. ज्या समाजात इतकी घराणी लिहिण्याच्या कामावरून ओळखली जातात, त्या समाजाला कागद सांभाळता येत नाहीत असे कोणी म्हणू नये. येत होते, आणि फार चांगले येत होते.

पेशव्यांच्या हुजूर दप्तरात भरभराटीच्या काळी दोनशेहून जास्त कारकून होते. माझा धंदा संगणकाचा, त्यामुळे त्यांची पद्धत वाचताना मला पुनःपुन्हा ओळखीचे काही भेटत गेले. दिवसभरात जे घडेल ते, म्हणजे आलेला पैसा, गेलेला पैसा, दिलेली सनद, सुटलेला हुकूम, तारखेच्या क्रमाने रोजकीर्दीत उतरे. मग त्याच नोंदी ‘घडणी’त विषयवार लावल्या जात. त्यावरून खतावणी, म्हणजे एकेका बाबीचे किंवा माणसाचे खाते. शेवटी ताळेबंद आणि सगळ्या राज्याच्या जमाखर्चाचा गोषवारा, ज्याला तर्जुमा म्हणत. एकच नोंद तीन वाटांनी सापडावी अशी सोय. आम्ही आज डेटाबेसमध्ये इंडेक्स लावून हेच करतो आणि वर त्याचे बिलही पाठवतो.

ह्या व्यवस्थेचा दुसरा फायदा असा, की खोटा कागद पचत नसे. कोणी सनद पुढे केली तर त्या दिवसाची रोजकीर्द उघडायची. नोंद असेल तर ठीक, नसेल तर संशय. पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ म्हणून शिक्का असे. लेखन इथे संपले, पुढे कोणी ओळ घुसडू नये, हा त्याचा अर्थ.

१७६३ साली निजाम अलीच्या फौजेने पुणे जाळले तेव्हा काही कागद गेले. ते सोडले तर १७२९ पासून पुढचा हिशेब बराचसा शाबूत राहिला. खरी पडझड झाली ती शत्रूमुळे नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दप्तराकडे लक्षच राहिले नाही. कचेरी मोडकळीला आली, आणि कारकुनांना कागद घरी न्यायची मुभा मिळाली. १८१८ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतल्यावर एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या मॅक्लिऑडने दप्तर तपासले, तेव्हा नाना फडणिसांच्या काळापर्यंतचे कागद व्यवस्थित आणि त्यानंतरची वीस-बावीस वर्षे खिळखिळी, असे चित्र त्याला दिसले.

पण नानांनाही सोडून कसे चालेल? राज्याचे जमाखर्च दप्तरात ठेवणाऱ्या ह्या चोख माणसाने राजकारणाचा पुष्कळसा पत्रव्यवहार स्वतःपाशी ठेवला. तो वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिला. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीसांसारख्या संग्राहकाची नजर त्यावर गेली नसती तर काय झाले असते कोण जाणे. अधिकाऱ्याचे कागद कोणते आणि कचेरीचे कोणते, ही रेघ तेव्हाही धूसर होती. माझ्या अनुभवात ती आजही तशीच आहे.

इंग्रजांनी दप्तर जपले, पण इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. त्यांना इनामे तपासायची होती. १८४३ मध्ये सुरू झालेल्या चौकशीला १८५२ च्या कायद्याने धार आली आणि इनाम कमिशनने गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांची दप्तरेही गोळा केली. ज्याच्याकडे कागद त्याची जमीन! पुष्कळांची इनामे त्यात गेली, आणि त्या काळच्या असंतोषात ह्या कमिशनचा वाटा मोठा होता. गोळा केलेल्या कागदांना ‘जमाव’ म्हणत. पुणे जमाव, सातारा जमाव अशी नावे अभ्यासकांच्या तळटिपांत अजून दिसतात. १८९१ मध्ये ह्या सगळ्यासाठी पुण्यात कौन्सिल हॉलजवळ एक भक्कम दगडी इमारत उभी राहिली. आत चौकोनी फडक्यांत बांधलेली गाठोडी आहेत. त्यांना रुमाल म्हणतात. त्यांची संख्या ३५ हजारांच्या आसपास आहे.

ह्यातली मेख अशी, की कागद जमिनीच्या वादासाठी लावलेले होते. तुम्ही एखाद्या परगण्याचा महसूल विचारा, वाट सापडेल. पानिपतावरून आलेले पत्र विचारा, तर ते कुठल्या रुमालात आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांना ह्या कागदांचे मोल कळले होते; गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिश्यांना त्यांनी १९०० साली विस्तृत प्रस्तावना लिहिली. तरी सरकार अभ्यासकांना सहजासहजी आत सोडत नव्हते. त्यामुळे राजवाड्यांसारखा माणूस गावोगावचे वाडे पालथे घालत फिरला. अखेर १९२९ मध्ये सर जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे हे काम रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांकडे आले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांनी मोडी जाणणारे साहाय्यक घेऊन रुमाल सोडवले आणि १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. एवढ्या काळात आमच्याकडे एखाद्या प्रकल्पाची समिती नेमून होते.

उरलेले रुमाल अजून तिथे आहेत आणि मोडी वाचणारे थोडे आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीला मोडी शाळेत होती, वडिलांच्या पिढीत ती सुटली. कागद टिकला, शाई टिकली, भाषा मराठीच. वाचणारा डोळा मात्र गेला. कागदाचा फोटो काढून संगणकात ठेवला की काम झाले असे पुष्कळांना वाटते. मी ह्याच धंद्यात असल्याने सांगतो, नाव न दिलेले दहा लाख फोटो म्हणजे संगणकात बांधलेला रुमालच.

ह्याउलट इथली गोष्ट. मी राहतो ती मरीन परेडची जमीन १९६० च्या दशकापर्यंत समुद्र होती; भराव घालून ती काढली आणि सत्तरच्या दशकात त्यावर घरे उभी राहिली. एका रविवारी सहज म्हणून इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात रस्त्याचे नाव टाइप केले. क्षणात जुन्या किनाऱ्याची छायाचित्रे समोर आली. ह्या देशाने स्वातंत्र्यानंतर तिसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, अभिलेखागार काढले आणि १९७९ पासून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिफितींवर घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाखतीला सूची आहे. कौतुक वाटले, थोडा मत्सरही.

आता आपला खोका. त्यात होत्या तीन वह्या, रबरबँड वितळून चिकटलेली पावतीपुस्तके, जुन्या गणेशोत्सवांचे फोटो (मागे नाव नाही, साल नाही), एक बंद पडलेली हार्ड डिस्क आणि अकरा फ्लॉपी. एका फ्लॉपीवर सुंदर अक्षरात लिहिले होते, ‘सभासद यादी, अंतिम’. ती वाचणारे यंत्र माझ्या ओळखीत कोणाकडे नव्हते. दुसऱ्या एकाने उसने आणून दिले, तेव्हा पाच उघडल्या आणि ‘अंतिम’ उघडली नाही. त्याच सुमारास आपल्या एका जुन्या सभासद काकूंनी विचारले, पहिल्या गणपतीची आरती कोणाच्या घरी झाली, ते कुठे लिहिलेले आहे का? काका नुकतेच गेले होते; त्यांना ते नातवंडांना दाखवायचे होते. मी वह्या चाळल्या. वह्या चौथ्या वर्षापासून सुरू होत होत्या. मी खोकाही स्टोअररूममध्ये वर्षभर तसाच ठेवला, आणि इथल्या दमट हवेने एका वहीला बुरशी आली. हा दोष माझाच.

त्यानंतर आम्ही चौघे दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. आधी रोजकीर्द केली: जे हाताला येईल त्याला क्रमांक, तारीख आणि एक ओळ. मग घडणी: उत्सव, हिशेब, सभा, माणसे. फोटो घेऊन दोघीजणी जुन्या सभासदांच्या घरी गेल्या आणि मागे पेन्सिलीने नावे लिहून आणली. यादी छापील देवनागरीत कागदावर आहे आणि संगणकातही तीन ठिकाणी आहे. पुढच्या चिटणिसांना खोका देताना यादीवर त्यांची सही घेतली.

पहिल्या तीन वर्षांची इतिवृत्ते मात्र मिळालेली नाहीत. त्या काळातल्या कोणा पदाधिकाऱ्याच्या माळ्यावर, पुण्या-मुंबईच्या घरी किंवा मेलबर्नला नेलेल्या सामानात ती असू शकतील. आढळल्यास कार्यकारिणीकडे कळवावे. वही परत केली नाही तरी चालेल, फोटो पाठवा. फक्त पानांचे क्रमांक दिसू द्या.