पाव, चहा आणि नावांची यादी

१/ वसईच्या किल्ल्याकडे जाताना वाटेत पापडी लागते. येथील अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च हे १९९८ पासून वसई धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. या पट्ट्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पोर्तुगीज अमलात गावच्या विहिरीत कोणीतरी पाव टाकला, लोकांनी नकळत ते पाणी प्यायले आणि अख्खे गाव 'बाटले'.

२/ इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. वसई १५३४ ते १७३९ अशी दोन शतके पोर्तुगीजांकडे होती. एवढ्या काळातील धर्मांतराचा उलगडा एका पावाने होत नाही. कथेमागची समजूत मात्र खरी होती. माणूस काय मानतो यापेक्षा तो कोणाच्या हातचे खातो-पितो, यावर त्याचे समाजातील स्थान ठरत असे.

३/ गावच्या प्रश्नांवर बोलण्यासाठी चार घरच्या माणसांनी एकत्र जेवायला बसावे, ही गोष्ट आज साधी वाटते. महाराष्ट्रात ती साधी होण्यास जवळपास शतक लागले. त्या शतकातील झगडा पाव, चहा आणि नावांची यादी या तीन गोष्टींभोवती फिरला. हा धागा त्याविषयी.

४/ सुरुवात १८४९ च्या मुंबईत. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी सुरतेत असताना दुर्गाराम मेहताजींबरोबर १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली होती. मुंबईस परतल्यावर त्यांच्या प्रेरणेने 'परमहंस मंडळी' उभी राहिली. अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. सभासद बहुतेक इंग्रजी शाळांतून शिकलेले तरुण.

५/ मंडळीच्या बैठका गुप्तपणे भरत. आधी प्रार्थना होई. मग जातिभेद, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण यांवर चर्चा. आणि शेवटी सर्व जातींच्या सभासदांचे एकत्र जेवण. प्रवेशाची अट विलक्षण होती. नव्या सभासदाने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे.

६/ म्हणजे विहिरीच्या कथेतील तोच पाव आणि तेच पाणी. फरक एवढाच की तेथे गाव नकळत पाणी पिते आणि समाजाबाहेर फेकले जाते. येथे शिकलेला तरुण समजून-उमजून घास घेतो आणि त्या घासाने एका नव्या समाजात प्रवेश करतो. 'बाटण्याची' क्रियाच त्यांनी दीक्षा म्हणून स्वीकारली.

७/ मग ही गुप्तता कशासाठी? कारण बहिष्काराचा फटका एकट्या माणसाला बसत नसे. भटजी घरी येणे बंद होई, पंगतीची आमंत्रणे थांबत, मुलामुलींची लग्ने अडत, लेकीला माहेरी येणे कठीण होई. जेवणारा एक आणि शिक्षा भोगणारे सारे घर, असा हा हिशेब होता. रात्री विचारांनी निर्भय असणारे तरुण दिवसा जातीचे नियम पाळत, त्याचे कारण हे.

८/ १८६० च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे चोरीस गेली आणि सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली. कोणी मंडळीच्या विचारांचे खंडन केले नाही की तिच्यावर खटला भरला नाही. नावांची यादी पुरेशी ठरली. थोड्याच काळात मंडळी विसर्जित झाली.

९/ तिचे बीज मात्र मेले नाही. सभासद तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेही 'एक हिंदू' या टोपणनावाने. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक.

१०/ याच काळात सार्वजनिक सभांचे युग उघडले. १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन, १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा. कर, दुष्काळ, शेतसारा यांवर निवेदने लिहिली जाऊ लागली. वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसे एका सभागृहात शेजारी बसत. सभा संपली की प्रत्येक जण आपापल्या जातीच्या स्वयंपाकघराकडे परते. सतरंजी एक झाली होती, पंगत नव्हती.

११/ ही दुफळी एका खोडकर माणसाने चव्हाट्यावर आणली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला, कोणी तोही लावला नाही.

१२/ त्यानंतर 'पुणे वैभव' या पत्रात हजर मंडळींची नावे झळकली. सुमारे पन्नास नावांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. सुधारणेच्या प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभे राहणारे दोन पुढारी एका कप चहाने एकाच आरोपाखाली आले. तीस वर्षांनी पुन्हा तेच हत्यार निघाले होते: यादी.

१३/ प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि ग्रामण्य उभे राहिले. टिळकांनी शास्त्राधार देत आपली बाजू मांडली आणि काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. स्वतःच्या भीतीपेक्षा मित्रांच्या घरांची कुचंबणा त्यामागे अधिक होती. तरीही सुधारकांच्या तरुण अनुयायांना त्याचे तीव्र दुःख झाले. रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही चहाचा जाब द्यावा लागत असेल, तर सामान्य कारकुनाची काय कथा?

१४/ सभा आणि पंगत यांतील हे अंतर १८९५ मध्ये आणखी ठळक झाले. पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू नये, असा आग्रह धरला गेला. अखेर परिषद वेगळ्या जागी भरली. राज्यकारभाराची चर्चा एका मांडवात आणि माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याची दुसऱ्या मांडवात, अशी वाटणी झाली.

१५/ ही वाटणी कोल्हापुरात एका चहाच्या दुकानात मोडली. गंगाराम कांबळे या दलित सेवकाला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढण्यास मदत केली. मग महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले. तेथे ते स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही देववीत. अर्जावर सही हवी असलेल्यांना महाराज तेथेच बोलावत, असेही सांगतात.

१६/ या कृतीतील चातुर्य लक्षात घेण्याजोगे आहे. पंचहौदात चहा घेणाऱ्याला शिक्षा होती. गंगारामांच्या दुकानात चहा नाकारणाऱ्याची पंचाईत होती. शाहूंनी सार्वजनिक काम आणि एकत्र खाणे-पिणे एकाच बाकावर आणून बसवले. अर्थात, हे राजाच्या हाती सत्ता होती म्हणून घडले. जेथे सत्ता पाठीशी नव्हती, तेथे काय घडले, ते महाडमध्ये दिसते.

१७/ सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला. जेवत असलेली माणसे मारली आणि अन्न मातीत मिसळले.

१८/ नगरपालिकेचा ठराव, सार्वजनिक तळे, नागरिकांचा हक्क: महाडचा प्रश्न शब्दशः नागरी होता. तरी हल्ला झाला तो परिषदेच्या पंगतीवर. कागदावरचा हक्क आणि ताटातले अन्न यांत किती कमी अंतर आहे, हे त्या दिवशी दिसले. नगरपालिकेने पुढे तो ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ उजाडले.

१९/ १९३० च्या सप्टेंबरमध्ये रत्नागिरीत वि. दा. सावरकरांनी प्रकट सहभोजने सुरू केली. तेथे यादीचा अर्थच पालटला. जेवणाऱ्यांची नावे ते स्वतः वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करवीत. लपून जेवणे त्यांच्या लेखी सहभोजनच नव्हते. सत्तर वर्षांपूर्वी ज्या यादीने परमहंस मंडळी संपली, ती आता उपक्रमाची शान झाली. ज्याने आपले नाव आपणच छापले, त्याला उघडे पाडण्याची धमकी कोण देणार?

२०/ या पंगतीला एक सीमाही होती. १९३३ मध्ये सुरू झालेल्या उपाहारगृहाच्या 'अखिल हिंदू' या नावातच ती दिसते. परमहंस मंडळीचा पहिला घास ख्रिस्त्याच्या हातचा होता आणि पहिला घोट मुसलमानाच्या हातचा. प्रकटपणात रत्नागिरी पुढे गेली. पंगतीच्या रुंदीत १८४९ ची ती घाबरट मंडळी पुढे होती.

२१/ दुसरी मर्यादा डॉ. आंबेडकरांनी १९३६ मधील 'जातिनिर्मूलन' या भाषणात दाखवली. हे भाषण लाहोरला व्हायचे होते. ते होऊ शकले नाही आणि पुस्तकरूपाने आले. केवळ सहभोजनाने जात मरत नाही, कारण एकत्र जेवूनही माणसे आपापल्या जातीतच नाती जोडतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला आजही सहज उत्तर देता येत नाही.

२२/ तरीही पंगत निरर्थक ठरत नाही. 'समतानंद' अनंत हरी गद्रे यांनी पुढे झुणका-भाकर हाच प्रसाद ठेवून सत्यनारायण घातले आणि पूजेचा मान दलित दाम्पत्याला दिला. येथे दलित घर पंगतीला बोलावलेले राहिले नाही, ते यजमान झाले. पंगतीत जागा मिळणे आणि पंगत आपली असणे यांतील फरक गद्रे यांनी ओळखला होता.

२३/ आता पुन्हा पापडी. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे त्यात असावीत की नसावीत यावर मोठे आंदोलन झाले. जुलै २०१८ मध्ये हा सारा परिसर पुराने वेढला गेला. पाणी ना वाडी पाहून घरात शिरले, ना धर्म.

२४/ अशा प्रश्नांवर बोलण्यासाठी एखाद्या घरी आज चार कुटुंबे जेवायला जमली, तर त्यांची नावे कोणी चोरून छापणार नाही. ते भय दादोबांपासून गद्र्यांपर्यंतच्या माणसांनी संपवत आणले. पण कोण आले याची यादी करताना जुना प्रश्न शिल्लक उरतोच: ज्यांच्या घरात पाणी सर्वांत आधी शिरले, त्यांचे नाव त्या यादीत आहे का, आणि पुढची पंगत त्यांच्या घरी बसणार आहे का?