छरे, गोळ्या आणि जखम: जवळच्या लढाईचा इतिहास

कात्रजहून बायपासने चांदणी चौक ओलांडला की पाषाण लागते. तिथल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने 5.56 मिमीची कार्बाइन तयार केली. 7 डिसेंबर 2020 रोजी तिची अंतिम चाचणी यशस्वी झाली. जुनी 9 मिमीची का पुरेना? उत्तर जखमांच्या इतिहासात आहे.

1918 मध्ये खंदकांत अमेरिकनांकडे शॉटगन होती, जर्मनांकडे बर्गमन सबमशीनगन. शॉटगनच्या एका काडतुसात साधारण नऊ मोठे छरे. जवळून ते एकत्र घुसून मांस, हाड, रक्तवाहिन्या फाडतात. लांबवर विखुरतात, वेगही गमावतात. जर्मनीने या बंदुकीचा अधिकृत निषेध नोंदवला. सबमशीनगनची गोळी मात्र पिस्तुलाचीच: एकेक जखम अरुंद, पण गोळ्या अनेक. पुढे संरक्षक जाकिटे आली आणि छरे व 9 मिमी गोळी दोन्ही अडू लागली.

म्हणजे शस्त्राच्या नावापेक्षा अंतर आणि जखमेची जागा महत्त्वाची. छऱ्याचे छिद्र बारीक दिसले तरी आत रक्तस्राव असू शकतो. म्हणून लक्षात ठेवा: स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या, छरा उपसू नका, 108 ला फोन करा.