बोगनवेलीला नाव मिळालं, बाईला नाही

शाळेच्या कुंपणावर, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर गुलाबी-जांभळी बोगनवेल आपण नेहमी बघतो. नावात ‘वेल’ आहे, म्हणून ते आपलंच वाटतं. पण ते आहे एका फ्रेंच दर्यावर्दीचं, बूगनव्हीलचं. ‘व्हील’चं आपण ‘वेल’ करून टाकलं.

१७६६ ते १७६९ या काळात बूगनव्हीलच्या जहाजांनी पृथ्वीला फेरी मारली. बरोबर कॉमर्सों नावाचा वनस्पतीतज्ज्ञ होता आणि त्याचा एक मदतनीस गडी. हा गडी खरं तर बाई होती! तिचं नाव झान बारे. गरीब घरातली, कॉमर्सोंचं घर सांभाळणारी. राजाच्या जहाजावर बाईला मनाई, म्हणून ती पुरुषाच्या कपड्यांत चढली.

१७६७ साली ब्राझीलमधल्या रिओच्या बंदरात त्यांना ही वेल मिळाली. कॉमर्सों तेव्हा पायाच्या जखमेनं बेजार होता. डोंगर चढणं, झाडपाला गोळा करणं, ओझं वाहणं हे बरंचसं झानच करायची. वेल तिनंच तोडून आणली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. कॉमर्सोंनं मात्र नाव दिलं कप्तानाचं.

हे नाव १७८९ साली पॅरिसच्या जुसिय यांच्या ग्रंथात छापलं गेलं. त्यांनी वेलीला गुलबासच्या कुळात बसवलं. आपली घेटुळीही त्याच कुळातली. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हे, ती पानंच असतात. आत डोकावून बघा, नळीसारखी तीन बारीक फुलं दिसतील. तीच खरी फुलं.

आणि झानचं काय झालं? १७६८ मध्ये ताहिती बेटावर तिचं बिंग फुटलं. पुढे ती कॉमर्सोंबरोबर मॉरिशसला उतरली. कॉमर्सों १७७३ मध्ये तिथंच वारला. झान लग्न करून फ्रान्सला परतली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती इतिहासाला माहीत असलेली पहिली बाई. १७८५ मध्ये सरकारनं तिला पेन्शन दिली.

कॉमर्सोंच्या नावानं सत्तरच्या वर वनस्पती आहेत. त्यानं एका झाडाला झानचंही नाव दिलं होतं, पण ते टिकलं नाही, दुसरंच नाव मान्य झालं. शेवटी २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका वनस्पतीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं. ती आपल्या वांग्या-बटाट्याच्या जातभाईंपैकी. झानला जाऊन तेव्हा दोनशे वर्षं उलटली होती.

मैत्रिणींनो, कुठली रानभाजी कधी खुडायची, कुठलं बियाणं राखेत ठेवायचं, हे गावात कोणाला ठाऊक असतं? आपल्या आजीला, सासूला, शेजारच्या काकूंना. ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. गटाच्या पुढच्या बैठकीआधी ती मागून बघा. झाडांची नावं असतील. ती ओळखणाऱ्या बायांची आहेत का? नसतील, तर लिहून घ्यायला लावा. दोनशे वर्षं कशाला थांबायचं?